रुसलेली बोटं

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो बाई एकदाच्या! अर्धं सामान अजून खोक्यांत आहे. गाळणी कुठल्या खोक्यात गेली ते शोधून दमले, शेवटी रुमालातून चहा गाळला. पण घर बघून आई हसली आणि मी भरून पावले. एकसुद्धा पायरी नाही! दारापासून पलंगापर्यंत सपाट फरशी. जुन्या घरी तिसऱ्या मजल्यावरून तिला खाली आणायला दोन माणसं लागायची, म्हणून गेलं वर्षभर ती खाली उतरलीच नव्हती. संधिवातानं गुडघ्यांचे दगड केलेत, बोटं वाकडी केलीत, खुब्यातून कळ निघाली की ओठ चावून गप्प बसते. जीभ मात्र शाबूत आहे. आल्या आल्या खुर्ची खिडकीशी लावून घेतली. समोर अंगण, अंगणापलीकडे माझी कार्यशाळा. म्हणाली, बरं झालं, आता तुझ्यावर डोळा ठेवता येईल.

वैद्यकीय महाविद्यालयात सांगाडे जोडायची नोकरी, हे ऐकून मावशीनं नाक मुरडलं होतं. बाईमाणसाला शोभतं का म्हणे. न शोभायला काय झालं? अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात काड्या बसवल्या मी. बिजागरी काय आणि कोपर काय, फिरलं पाहिजे आणि निसटता कामा नये, एवढीच तर गोष्ट. दुकान बंद पडलं आणि ही जागा निघाली. मुलाखतीत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, माझ्यापुढे हाडांचा एक मोडका पंजा ठेवला. मी पितळी तारेनं जागच्या जागी जोडून दिला. त्या म्हणाल्या, सोमवारपासून या. मी विचारलं, घर तळमजल्यावरचं मिळेल ना?

आई मला चिमटी म्हणते. लहानपणापासून माझ्या हातात सदा चिमटा असायचा म्हणून. चाळिशी उलटली तरी आपली चिमटीच. हाक मारताना शेवट असा ओढते की अंगणापलीकडे ऐकू जावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

कार्यशाळा छान आहे. मोठ्या खिडक्या, लांब टेबल, भिंतभर लाकडी खण. एका खणात नुसती मांडीची हाडं, एकात नुसत्या नडग्या, एकात मणके, एकात गुडघ्याच्या वाट्या. परीक्षा जवळ आली की विद्यार्थी सांगाड्यांचे हात ओढून ओढून खिळखिळे करतात. मग ते सोडवायचे, हाडं ज्या त्या खणात टाकायची आणि लागेल तसा नवा सांगाडा उभा करायचा. म्हणजे एका सांगाड्यात दहा जण नांदतात. जिथे पटत नाही तिथे मध्ये नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घालायची. संसारातही हेच करतात म्हणा.

माझ्या आधी इथे तीस वर्षं होते ते मास्तर काम समजावून द्यायला आले होते. माणूस तुसडा. सगळा वेळ हात कोटाच्या खिशात. खण मी उघडायचे, हाड मी उचलायचं, हे नुसते हनुवटीनं दाखवणार. चहा पुढे केला तर नको म्हणाले. जाताना एक नियम तेवढा दोनदा सांगितला. हाडं बसवायची, जुळवायची नाहीत. एखादं हाड दुसऱ्याशी फारच नेमकं बसलं, तर ते परत खणात टाकायचं आणि दुसरं घ्यायचं. का म्हणून विचारलं, तर थोडं सैल असलेलं बरं म्हणे. बघा, कामचुकारपणालाही तत्त्वज्ञान! मला कुणाच्या नाकावर सैल चष्मा दिसला तरी घास उतरत नाही.

तार पिळून पिळून बोटं आखडली. पूर्वी अशा वेळी आई माझं एकेक बोट हातात घेऊन ओढायची. कट् वाजलं की पुढचं. जे वाजायचं नाही ते रुसलं. मग त्या रुसलेल्या बोटाची मनधरणी चालायची, त्यावर फुंकर काय, त्याला गोष्ट काय. मी मुद्दाम एखादं ताठ धरायची. आज तिनं हात पुढे केला, पण तिची स्वतःचीच बोटं मिटेनात. राहू दे म्हणाले मी. ती खिडकीबाहेर बघत बसली. वाईट वाटलं फार.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज एक गंमत झाली. आईला सांगायला गेले तर जेवताना हाडं नकोत म्हणाली, म्हणून इथे लिहिते.

जिवंत माणसाची दोन हाडं कधी एकमेकांना शिवत नाहीत. दोघांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये चमचाभरही नसेल एवढं वंगण. पण जन्मभर समोरासमोर राहून ती एकमेकांच्या वळणाची होतात, जुन्या डब्याला त्याचंच झाकण लागावं तशी. तर आज मी एक डावं मांडीचं हाड उचललं. कधीकाळी मोडून सांधलेलं, उजव्यापेक्षा इंचभर आखूड पडलं असणार. एक नडगी घेतली आणि सहज खाली धरली. टक्! केसाची फट नाही. चकती नको, कानस नको. एकाच माणसाचं होतं ते.

नियमानं परत टाकायला हवं होतं. हात धजेना. उलट हाव सुटली आणि मी वाटीच्या खणात हात घातला. तिची वाटी अगदी तळाशी, मागच्या कोपऱ्यात. मग उजवी मांडी, उजवी नडगी, ती पण आपापल्या खणात तळाशी, मागच्या कोपऱ्यात. कुणी मुद्दाम लांब लांब ठेवल्यासारखी. संध्याकाळपर्यंत दोन्ही गुडघे जोडून झाले. असा गुडघा मी पाहिला नाही. बोटानं ढकलला तर झोक्यासारखा जातो नि येतो. हाडं बाईची वाटतात. मी तिचं नाव पाहुणी ठेवलं.

घरी आले तर आई खुर्चीत बसून पाय पुढे-मागे करत होती. दोन वर्षांत न वाकलेला गुडघा! नवीन गोळ्यांचा गुण म्हणाली. मी म्हटलं, उन्हाचा असेल. गोळ्या असोत नाहीतर ऊन, दोघी वेड्यासारख्या हसत बसलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहुणीचे खुबे बसवले. मांडीच्या हाडाचा गोळा कटीच्या खळग्यात असा बसला की उलटं धरलं तरी सुटेना. कटी रुंद आहे, म्हणजे बाईच ती. काल घोटे झाले. दुसऱ्या कुणाची हाडं हाती घेववतच नाहीत आता. मोठ्या बाई येऊन बघून गेल्या. इतकं सुबक काम या विभागात झालं नव्हतं म्हणाल्या. गुडघ्यात अक्कल म्हणणाऱ्या माझ्या भावाला कुणीतरी कळवा!

आणि आज दुपारी आई उभी राहिली. कुणाचा हात न धरता. मी दारातच बसकण मारली आणि रडले.

उठताना माझाच उजवा गुडघा करकरला. दिवसभर उभं राहायचं काम, होणारच. आई म्हणाली, आता तू खुर्चीत बस, मी करते चहा. आणि केलाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आई अंगणात फिरते! पायाला भिंगरी लागली आहे नुसती. थोडी लंगडते. डावी टाच टेकत नाही, शरीर उजवीकडे झुकतं. इतकी वर्षं बसून होती, चाल विसरली असेल.

मास्तर फाटकातून आत येत होते. आईला चालताना पाहिलं आणि जागीच थांबले. मी खिडकीतून हाक मारली तर आल्या पावली परत गेले. हात खिशातच. असतात काही माणसं, दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही.

कवटी सापडली. खणात नव्हतीच. वरच्या फळीवर होती, तिच्यावर मास्तरांची जुनी टोपी. मानेच्या पहिल्या मणक्यावर ठेवून पाहिली, टक्. समोरच्या वरच्या दाताला बारीक खाच आहे. जन्मभर दातांत दोरा धरून तोडला की पडते तशी. आणि डाव्या दंडाचं हाड उजव्यापेक्षा भरीव. पाहुणी डावखुरी होती तर. हाडं किती बोलतात! मी इतकी बडबडी, पण माझ्या हाडांना एवढं सांगता येईल का कोण जाणे.

माझे दोन्ही गुडघे आज सकाळी वाकेनात. गरम पाण्यानं शेकले. काठी घेऊन गेले कामावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेल्या आठवड्यात पाहुणीचे खांदे आणि कोपरं झाली. आज डावा पंजा पुरा केला. मनगटाच्या खड्यांसारख्या बारीक हाडांना फार वेळ लागला. माझा खांदा वर होत नाही, वेणी घालता येत नाही. आईनं घातली. तिचे हात डोक्यावर जातात आता. किती घट्ट घातली, डोळे ताणले गेले.

मग म्हणाली, दे हात. माझ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून ओढली. लहानपणीसारखी! कट्, कट्, कट्. तिची बोटं सरळ झाली आहेत, मऊ, थंड. करंगळी वाजली नाही. म्हणाली, ही रुसली. फुंकर मारायची राहिली तिची, मी आठवणही केली नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

चहा प्यायली तेव्हा कप तिनं डाव्या हातात धरला होता. उजवा दुखत असेल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डावी करंगळी वाकत नाही. अजिबात. सूज नाही, दुखत नाही. ओढून बघितली, लाकूड. विभागातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला. म्हणाले, पेरांमधली फटच दिसत नाही, दोन हाडांचं एक झालंय, असं एका रात्रीत होत नसतं, आधीपासूनच असणार. मी म्हटलं, काल वाकत होती. ते हसले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मान. पहिल्या मणक्यावर डोकं पुढे-मागे डुलतं, हो म्हणायला. दुसऱ्याच्या खुंटीवर पहिला फिरतो, नाही म्हणायला. आज पाहुणीला दोन्ही येऊ लागलं.

संध्याकाळी आई खिडकीत बसून मान हलवत होती. हो. नाही. हो. नाही.

आणि माझी मान धरली आहे. डाव्या हाताची बाकीची बोटंही करंगळीच्या वाटेनं गेली. वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं.

मी काही दूधखुळी नाही. कळतंय मला. जो सांधा मी तिथे जोडते तो आईचा सुटतो आणि माझा जातो. गुडघे, खुबा, खांदा, मान, त्याच क्रमानं. कागदावर खोटं कशाला लिहू? मी थांबणार नाही. आईनं मला पोटात वाढवलं, तिची हाडं झिजवून माझी हाडं झाली. आता थोडी परत गेली तर काय बिघडलं? ती चालते. तळलेलं खाते, आरशात बघते, गुणगुणते. काठी टेकत फिरले मी जन्मभर तरी चालेल.

उजवा पंजा तेवढा राहिलाय. तो मात्र थोडा थांबून. पोट भरायला एक हात हवा ना.

१ मार्च, शनिवार

आई उसवलेला अभ्रा शिवत होती. डाव्या हातानं. दोरा दातांत धरून तोडला. समोरच्या दातांत.

आईला समोरचे दात नाहीत. कवळी आहे. ती शिवायला बसली तर कात्री माझ्याकडे मागते. आयुष्यभर मागत आली.

मी तिची चाल पुन्हा बघितली. डावी टाच टेकत नाही. पाय इंचभर आखूड असावा तशी. आईचे पाय सारखे आहेत. ती चाल मला माहीत आहे. टेबलावर पडून आहे ती.

आणखी एक. गुणगुणते ती चाल मला अनोळखी. आणि कितीतरी दिवसांत तिनं मला चिमटी म्हणून हाक मारलेली नाही. अगं म्हणते. ऐक म्हणते. हात दे म्हणते.

२ मार्च, रविवार

मास्तरांकडे गेले. दोन गल्ल्या ओलांडायला किती वेळ लागला. भाचीकडे राहतात. तीच त्यांना चमच्यानं भरवत होती. तेव्हा त्यांचे हात पहिल्यांदा पाहिले. दोन मुठी. बोटं तळव्यात रुतलेली, उघडतच नाहीत. तुसडा म्हणाले होते मी त्यांना. जीभ झडली कशी नाही माझी.

सांगत गेले, खाली बघून. निवृत्तीच्या वर्षी बायको अंथरुणाला खिळलेली होती त्यांची. तेव्हा ते पण असेच हौशी. त्यांनी पण पाहुणीला जुळवलं होतं, हीच हाडं. बायको उठली. चालली. लंगडत. हाडावर हाड फिरायला ओल लागते, ते म्हणाले. त्या हाडांच्या बाईकडे ओल नाही, म्हणून जो सांधतो त्याची घेते. आणि फिरायला जिवंत अंग लागतं, म्हणून घरातलं दुबळं अंग घेते. शेवटी त्यांनी कोपरांनी टेबल उलथवलं, पायानं हाडं वेगळी केली, खणाखणांत लोटली. बायको त्याच दिवशी गेली. पण जाताना आपल्या आवाजात बोलली.

मी चिडले. आधी का नाही सांगितलंत म्हटलं. ते म्हणाले, घरात आजारी माणूस असलेल्याला कारण सांगितलं असतं, तर पहिल्या दिवशीच जुळवली असतीस. आणि दोनशे सहा हाडं धुंडाळत बसण्याइतका हट्टी माणूस जन्माला यायचाय, असं वाटलं होतं.

निघताना एवढंच म्हणाले, अजून तुझा एक हात आहे, तारा काप. ती रडेल. तुझ्याच आईच्या आवाजात रडेल, कारण आई आता कुठे उरली असेल तर दुखण्यातच उरली असेल. तेवढं ऐकून घे आणि कापत राहा.

३ मार्च, सोमवार

सकाळी गेले. दार आतून लावलं. पक्कड उजव्या हातात. डाव्या गुडघ्याची तार कापली. नडगी खाली लोंबली.

खिडकीतून दिसलं. आई अंगणात होती. कोसळली. मोठी किंकाळी, आणि मग — चिमटे! चिमटे गं, माझा पाय!

शेवट ओढून. तिची हाक. महिन्याभरात पहिल्यांदा. खरी.

कापत राहायचं होतं. मास्तरांनी सांगितलं होतं. दुसरी तार पकडीत धरली होती मी. ती म्हणत होती, चिमटे, तू कुठे आहेस, दुखतंय, फार दुखतंय, ये ना गं. फरशीवर नखं घासल्याचा आवाज इथपर्यंत —

नाही झालं माझ्यानं. कुणाला झालं असतं? तार घेतली, एका हातानं आणि दातांनी, गुडघा परत जोडला. स्वतःच. स्वतःच्या हातानं.

रडणं थांबलं. ती उठली. धूळ झटकली. खिडकीकडे बघून हसली. आणि अगं, ऐक, म्हणाली, चहा टाकू का?

आई हाक मारत होती आणि मी तिचं तोंड बंद केलं.

४ मार्च

पलंगावरून उठता येत नाही. खुबे पुरते गेले. कंबर पण. खुर्ची, पलंग, सगळं तिनंच खिडकीशी आणलं. मला तिच्या जागी बसवलं. आईच्या जागी.

भर दुपार. कार्यशाळेच्या खिडकीत ती दिसते. माझ्या टेबलाशी. समोर उजवा पंजा. तार दातांत धरलीय. डाव्या हातानं पिळते. घाई नाही. मधूनच मान वर करून माझ्याकडे बघते. हात हलवते.

मोठ्या बाई तिच्या शेजारी उभ्या. कौतुकानं बघतायत. माझ्या जागी ठेवणार बहुतेक. मी ओरडले. जबडा उघडत नाही नीट — अंगण ओलांडून काय जाणार.

बोट दिलं तर मनगट धरतात म्हणतात. मी मनगटही दिलं. एकेक हाड पुसून दिलं.

५ मार्च

मास्तर फाटकाशी आले होते. मला बघितलं. खिशातून दोन्ही मुठी काढल्या, वर धरल्या. काय करणार ते तरी. गेले.

उजवी करंगळी गेली. तिच्या शेजारचं — सकाळपर्यंत होतं.

पेन्सिल अंगठा नि दोन बोटांत धरतेय. चिमटीत. अक्षर —

६ मार्च

पंजा झाला. घेऊन आली दाखवायला. बोटं मिटते, उघडते त्याची. सुबक आहे. माझ्यापेक्षा —

माझ्या कडेला बसली. हात दे, म्हणाली.

मधलं बोट ओढलं. वाजलं नाही. रुसलं म्हणाली. पहिलं. तेही. फुंकर नाही.

पेन्सिल पडली होती. तिनंच उचलून अंगठ्याच्या बेचक्यात दिली. लिही म्हणते. संपव तुझं. मग अंगठा दे. घाई नाही —

आत्ता चिमटे म्हणाली.

हळू. शेवट ओढून. अगदी तशीच. अंगणातल्यासारखी —

मास्तर म्हणाले होते दुखण्यातच — हिला कुठे दुखतंय. हसते आहे. ऐकून शिकली. शिकली असेल. मला कळतंय —

पण आवाज आईचा. आई, आत आहेस का? असलीस तर —

मीच हात पुढे केला. अजून एकदा म्हण म्हटलं. एकदाच. ती वाकली, कानाशी आली आणि